एलादिओ गाडीत चढलाच नाही

दोसिंदाने कबरीच्या दगडावर तीनदा टकटक केली आणि जेवायला हाक मारावी तशी हाक मारली, "एलादिओ, ऊठ! संत आंद्रेसला निघालोय. टोपी घे, वर वारा असेल."

तिची नणंद ओब्दुलिया दोन पावलं मागे, पाठीवर दोघींचं सामान घेऊन उभी होती. कबरीत झोपलेला एलादिओ तिचा सख्खा थोरला भाऊ. पण तिने तोंड उघडलं नाही. भावाशी तिचा सात वर्षं अबोला होता, आणि गेल्या हिवाळ्यात तो मेला एवढ्यावरून अबोला सोडणाऱ्यांपैकी ती नव्हती.

स्पेनच्या वायव्य टोकाला, गालिसियात, पोरासोरांनाही ठाऊक असतं की तेइशीदो गावच्या संत आंद्रेसच्या चर्चला माणसाला एकदा जावंच लागतं. जिवंतपणी राहून गेलं, तर मेल्यावर जावं लागतं, आणि तेही सरडा, बेडूक, गोगलगाय असलं काहीतरी होऊन, सरपटत. घरच्यांच्या मनात माया असेल तर ते मेलेल्याला कबरीवरून बोलावून बरोबर नेतात. मग तो माणसासारखा जातो. मात्र त्याला माणसासारखंच वागवावं लागतं. जेवताना त्याचं वाढायचं, गाडीत जागा धरायची, वळण आलं की सांगायचं.

एलादिओने सबंध आयुष्य 'पुढच्या वर्षी जाऊ' म्हणण्यात घालवलं. शेवटच्या दुखण्यात बायकोचा हात धरून तो म्हणाला, "दोसिंदा, मला बेडूक होऊन नाही जायचं गं." दोसिंदाने शब्द दिला. आता ऑक्टोबरात मुलगा तिला बिलबाओला नेणार होता. तिथे गुडघ्याचं ऑपरेशन, आणि मग कायमचं तिकडेच राहणं. म्हणजे या सप्टेंबरात एलादिओला पोहोचवलं तर पोहोचवलं, नाहीतर राहिलंच. गुडघा सुजलेला, सामान उचलवत नव्हतं, म्हणून ओब्दुलिया सोबत निघाली. निदान ती तरी कारण तेवढंच सांगत होती.

अबोला चेरीच्या झाडावरून होता. ओब्दुलिया जन्मली त्या वर्षी त्यांच्या बापाने कुंपणाच्या भिंतीशी चेरी लावली होती. सगळं गाव तिला ओब्दुलियाची चेरीच म्हणायचं. सात वर्षांपूर्वी ओब्दुलिया चार दिवस मावशीकडे गेली, तेवढ्यात एलादिओने झाड तोडलं. बटाट्यांवर सावली पडते म्हणे. ती परत येऊन बघते तर नुसता बुंधा, आणि त्या बुंध्यावर बसून एलादिओ पाव खातोय! त्या रविवारी चर्चसमोर भर गर्दीत तिने जाहीर केलं, "हा आधी तोंडाने बोलेपर्यंत मी याच्याशी बोलणार नाही."

एलादिओला तोंडाने बोलणं कधीच जमलं नाही. तो दर जूनमध्ये जत्रेतून चेरींची टोपली आणायचा, भिंतीवर ठेवायचा आणि शीळ घालत निघून जायचा. ओब्दुलिया मग त्याच्या कुत्र्याला मोठ्याने सांगायची, "मालकाला सांग, कोंबड्यांना आवडल्या."

तर अशी ही तिघं निघाली. दफनभूमीच्या फाटकापासूनच दोसिंदाच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "एलादिओ, पायरी आहे, बघून. एलादिओ, डावीकडे. अरे, ते बघ मक्याची काय दशा केलीये, पाणी म्हणून दिलेलं नाही." एलादिओ उंच, आणि चालताना नजर कायम ढगांकडे. जन्मभर तो प्रत्येक उंबऱ्याला ठेचाळला आणि जन्मभर दोसिंदाने त्याला पायऱ्या दाखवल्या. ती सवय अशी कशी जाणार?

या वाटेवर जीव मारायचा नसतो. कोण कुणाचे आजोबा असतील, नेम नाही. दुसऱ्या दिवशी दोसिंदाच्या मानेवर गोमाशी बसली. तिने हात उगारला आणि तसाच खाली घेतला. "पी बाबा रक्त," ती म्हणाली, "पण कुणाच्या घरचा आहेस, तेवढं तरी सांग." ओब्दुलिया रस्त्यावरच्या गोगलगाई पानावर उचलून कडेला गवतात सोडायची आणि प्रत्येकीला म्हणायची, "सावकाश जा हो आजी."

"गोगलगाईंशी बरी बोलतेस," दोसिंदा म्हणाली.

"त्यांनी माझं झाड नाही तोडलं."

चौथ्या दिवशी दुपारी त्या सेदेइरा गावाच्या अलीकडे एका खानावळीत जेवायला थांबल्या. बाहेर पावसाची बुरबुर लागली होती. खानावळवाली जाडजूड बाई होती. या दिवसांत तिच्याकडे यात्रेकरूंचीच ये-जा. दोघींना बघून तिने न विचारता तिसरी खुर्ची ओढली आणि कोबीच्या पाल्याच्या गरम काल्दो सूपचे तीन वाडगे मांडले. टेबलाखाली तिचा म्हातारा कुत्रा झोपला होता.

"एलादिओ, बस. गरम आहे, जीभ भाजेल," दोसिंदा म्हणाली. मग तिने चमचा खाली ठेवला आणि नणंदेकडे बघितलं. "चार दिवस झाले. एक शब्द तरी बोललीस त्याच्याशी?"

"त्याने आधी बोलायचं ठरलंय."

"कुणी ठरवलं?"

"मी."

"अगं, तो मेलाय!"

"हे त्याने आधी बघायला हवं होतं."

"मग आलीस कशाला?"

"तुझं सामान उचलायला, वहिनी."

"सामानाला गाढव मिळालं असतं! ते निदान मधूनमधून ओरडलं तरी असतं."

हे ओब्दुलियाला लागलं. ती ताडकन उठली. "गाढव तर गाढव. पण गाढवाला कुणी विचारलं, की तुझ्या बापाने लावलेलं झाड तोडू का म्हणून? तू खिडकीतून बघत होतीस ना? मग अडवलं का नाहीस?"

"मी त्याला पायऱ्या दाखवत होते, कुऱ्हाड नाही!"

दोघींचे आवाज असे चढले की कुत्रासुद्धा उठून बसला. तेवढ्यात बाहेर पाववाल्याच्या गाडीचा भोंगा वाजला. तो चढाच्या पायथ्यापर्यंत जाणार होता. म्हातारीचा गुडघा बघून म्हणाला, "मावशी, सोडतो की, चला पटकन, मला उशीर झालाय." दोसिंदा लंगडत, ओब्दुलिया सामान आपटत, दोघी पुढच्या सीटवर दाटीवाटीने बसल्या. तोंडं दोन दिशांना. सबंध वाटभर पाववाला आपल्या सासूच्या तक्रारी सांगत होता आणि दोघींपैकी कुणी हूं की चूं केलं नाही.

चढ सुरू होतो तिथे एक दगडी क्रूस आहे आणि शेजारी यात्रेकरूंसाठी मुक्कामाचं घर. दोघी उतरल्या. दोसिंदाने सवयीने गाडीचं दार धरून ठेवलं आणि म्हणाली, "एलादिओ, पायरी आ..."

आणि ती थांबली. पाववाल्याने हात लांबवून दार ओढून घेतलं आणि तो निघूनही गेला.

"ओब्दुलिया," दोसिंदाचा आवाज एकदम बारीक झाला. "त्याला 'चढ' कोण म्हणालं?"

"मी कशी म्हणेन? मी बोलत नाही त्याच्याशी."

"म्हणजे कुणीच नाही म्हणालं."

दोसिंदा क्रुसाच्या पायरीवर मटकन बसली. "मी त्याला विसरले. पन्नास वर्षं त्या माणसाला ऊठ, बस, चढ, उतर सांगतेय, आणि आजच नेमकी विसरले. तिथे एकटा बसलाय गं तो, वाडग्यासमोर." आणि ती रडायला लागली. दफनाच्या दिवशीही न रडलेली दोसिंदा भर रस्त्यात हुंदके देऊन रडत होती. ओब्दुलियाला हात कुठे ठेवावे कळेना.

"येईल तो," ती म्हणाली. "वाट तर सरळ आहे."

"हाकेशिवाय? जिवंतपणी तरी कधी उठला हाकेशिवाय?"

हे खरं होतं. एलादिओ स्वतःच्या लग्नालासुद्धा तीन हाकांनंतर उठला होता.

"मग इथून मार हाक."

"जिथे विसरलं तिथूनच उठवावं लागतं. माझ्या आईने सांगितलंय." दोसिंदा उठायला गेली. गुडघा फुगून भोपळा झाला होता. ती पुन्हा खाली बसली. "उद्या सकाळी गाडी मिळेल. पण तोवर त्याचं काय होईल? घरी नाही, संताकडे नाही. कुठल्यातरी खानावळीच्या भिंतीवर गोगलगाय होऊन..."

"मी जाते," ओब्दुलिया म्हणाली.

शब्द तोंडातून गेला तेव्हा त्यात काय काय आलं, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. दोसिंदाच्या आलं. तिने डोळे पुसले. "हाक मारावी लागेल हं. तोंडाने."

"कळतं मला," असं म्हणून ओब्दुलियाने सामान तिच्या पायाशी टाकलं आणि ती आल्या वाटेने परत निघाली.

जाताना सगळी वाट ती धुमसत होती. बोलायचं नाही म्हणजे नाही. खुर्ची जरा हलवावी, म्हणजे कळेल त्याला. किंवा खाकरावं. बापाच्या घरी जेवायला बोलवायचं असलं की बापही नुसता खाकरायचा. पण मनातून तिला पक्कं माहीत होतं की एलादिओला खाकरलेलं कधीच कळलं नाही. त्याला नावाने हाक लागायची. लहानपणी गुरं घेऊन येताना तो ढग बघत मागे राहायचा आणि तीच त्याला हाका मारून आणायची. ती सहा वर्षांची, तो अकराचा.

खानावळीत टेबल पुसलेलं होतं. पण तिसरी खुर्ची तशीच मागे ओढलेली होती, आणि तिसरा वाडगाही जागेवरच होता, वर झाकण घातलेला.

"मला वाटलंच येणार तुम्ही," खानावळवाली म्हणाली. "होतं असं. मागच्या वर्षी ओउरेन्सेच्या लोकांनी एक आत्या विसरून ठेवली होती. दोन दिवस होती माझ्याकडे. त्रास काही नाही दिला हो, पण मला आपलं संकोचल्यासारखं व्हायचं."

ओब्दुलिया खुर्चीसमोर उभी राहिली. तिने दारूचा छोटा पेला मागवला आणि एका घोटात संपवला. मग खाली वाकून कुत्र्याला म्हणाली, "त्याला सांग, ऊठ म्हणावं."

कुत्र्याने एक डोळा उघडला आणि मिटला.

"तो माझंही ऐकत नाही," खानावळवाली म्हणाली आणि भांडी घासायला मुद्दाम आत निघून गेली.

आता तिथे कुणी नव्हतं. पाऊस थांबला होता. रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर खिडकीतलं ऊन पडलं होतं. ओब्दुलियाने इकडेतिकडे बघितलं.

"एलादिओ," ती म्हणाली.

सात वर्षांत हे नाव तिने उच्चारलं नव्हतं. तोंडात कसं तरीच लागलं.

"ऊठ. वहिनी रडतेय तिकडे." आणि दाराशी पोहोचल्यावर, चिडून, "पायरी आहे, बघून!"

पहिल्या वळणापर्यंत ती फक्त कामापुरतं बोलली. डावीकडे. चिखल आहे. गाडी येतेय, कडेला हो. दुसऱ्या वळणाला मात्र तिचा ताबा सुटला.

"बटाट्यांवर सावली! किती बटाटे झाले रे तुला? पोतंभर तरी? आणि ते काय होते बटाटे, गोट्या होत्या! विचारायचं होतंस मला. मी नाही म्हणाले असते, ते सोड, पण विचारायचं होतंस. बाबांनी लावलं होतं ते." ती चालता चालता हातवारे करत होती. "आणि सात वर्षं शीळ घालत फिरलास. चुकलो, एवढा एक शब्द. तुझं काय जात होतं?"

मागून एक गाडी हळू झाली. आत गळपट्टा बांधलेला एक मध्यमवयीन माणूस होता. "काकू, सेदेइराला सोडू का?"

"आम्ही दोघं आहोत," ओब्दुलिया म्हणाली.

त्याने मागे हात करून सीटवरची छत्री उचलली. "असू दे की, जागा आहे."

"नको. आमचं जरा बोलायचंय."

त्याने मान हलवली, हात दाखवला आणि निघून गेला. इकडच्या माणसांना फार सांगावं लागत नाही.

ओब्दुलिया पुढे चालू लागली. रस्त्यात एक गोगलगाय होती. ती वाकली, पानावर घेऊन तिला गवतात सोडलं, आणि वाकलेलीच राहून बोलली.

"कोंबड्यांना नाही दिल्या मी त्या चेरी. एक पण नाही. दार लावून बसायचे आणि सगळ्या मीच खायचे. पोट दुखेपर्यंत. पहिल्या वर्षीच्या चांगल्या होत्या. शेवटच्या आंबट होत्या, जत्रेवाल्याने फसवलं तुला. तरी खाल्ल्या." तिने नाक पुसलं. "पुढच्या जूनमध्ये बोलायचं ठरवलं होतं मी. देवाशपथ. म्हटलं, आता पुरे, मीच म्हणेन की आंबट होत्या रे. जून यायच्या आधीच निघून गेलास. हाकेशिवाय कधी उठला नाहीस आणि या वेळी मात्र बरा उठलास!"

तिला रडू फुटलं. रडतच ती चालत राहिली. रडतानाच डावं-उजवं सांगत राहिली, आणि मग तिला म्हाताऱ्या पाद्रीबाबांच्या टोपीत एलादिओने सोडलेली बेडकी आठवली. त्यावर ती एकटीच रस्त्यात एवढी हसली की शेजारच्या कुरणातल्या गाई माना वर करून बघत राहिल्या. आता तिला थांबवणारं कुणी नव्हतं. सात वर्षांत गावात कोण कुणाबरोबर पळालं, कुणाच्या गाईला जुळं झालं, सगळं तिने त्याला सांगितलं. त्याला अर्थात ते माहीत होतं. पण तिच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं.

संध्याकाळी ती क्रुसापाशी आली तेव्हा दोसिंदा मुक्कामाच्या घराच्या दारात, एक पाय स्टुलावर टाकून बसली होती. तिने लांबूनच विचारलं, "आणलास?"

"आणलाय."

"काय म्हणाला?"

"मी बोलू दिलं तर ना."

दोसिंदाने तिच्या सुजलेल्या डोळ्यांकडे एकदा बघितलं आणि आत जाऊन जेवणाची तीन पानं मांडायला सांगितली. दुपारी एलादिओला विसरली म्हणून की काय, त्या रात्री तिने त्याच्या पानात दोनदा वाढलं आणि दोन्ही वेळा स्वतःच संपवलं.

सकाळी चढ होता. वर डोंगरावर मोकळे घोडे चरत होते आणि वारा असा की बोललेलं उडून जावं. तरी दोघी बोलत होत्या, आणि दोघी एकदमच.

"एलादिओ, डावीकडून ये."

"वहिनी, डावीकडे काटे आहेत. उजवीकडून ये रे, तिचं ऐकू नको."

"नवरा माझा आहे!"

"भाऊ माझा आधीपासून आहे."

यात्रेकरू वाटेत दगडांच्या राशीवर आपापला दगड ठेवतात. तिथे यांनी तीन ठेवले. एलादिओचा दगड कुणी ठेवायचा यावरून वाद झाला, शेवटी दोघींनी मिळून ठेवला. तो इतका मोठा निवडला होता की एकीला उचललाही नसता. मग खाली समुद्र दिसला आणि कड्याच्या टोकाशी पांढरं चर्च.

आत मेणबत्त्या होत्या, गर्दी होती, ओल्या लोकरीचा वास होता. दोसिंदा वेदीसमोर उभी राहिली. "पोहोचलास," ती म्हणाली. "संतासमोर आहेस, टोपी काढ." मग तिने नुसतं शेजारच्या रिकाम्या जागेवर, साधारण खांद्याच्या उंचीवर, हाताने थोपटलं. ओब्दुलिया म्हणाली, "आंबट होत्या रे." दोसिंदाने काय म्हणून विचारलं नाही.

इथून परत जाताना मेलेल्याला बोलवायचं नसतं. तो इथेच राहतो, त्यासाठीच तर आणायचं. बसची तिकिटं दोनच काढायची. दोघींना हे माहीत होतं. दोघी गर्दीतून दाराकडे निघाल्या, दोसिंदा लंगडत पुढे, ओब्दुलिया सामान घेऊन मागे. बाहेर ऊन लख्ख होतं, डोळे दिपत होते.

"पायरी आहे, बघून," ओब्दुलिया म्हणाली.

म्हणाली आणि तिला कळलं. आता हे कुणाला सांगायचं? ती दारातच थांबली. मागून लोक ढकलत होते.

दोसिंदाने मागे वळून बघितलं. मग नणंदेचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला आणि दुखरा पाय हळूच पायरीवर ठेवला.

"बघतेय गं," ती म्हणाली. "तू सांगत राहा."